जुन्या फियाटचा कार्ब्युरेटर काढावा का?

प्रश्न असा: हवेत पेट्रोल मिसळणारा जुना कार्ब्युरेटर काढून त्याजागी इंजेक्शन, म्हणजे संगणकाच्या हिशोबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा, बसवावी का? कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून तयार झालेली फियाट 1100 डी, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, ज्यांनी भर उन्हात घाटात चढवली आहे त्यांना फ्युएल पंपावर टाकलेलं ओलं फडकं आठवत असेल. त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. हा पंप इंजिनालाच बसवलेला असतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, दाब उतरला की उत्कलनबिंदूही उतरतो, त्यात बोनेटखालची उष्णता. पेट्रोलची वाफ होते, पंपाला वाफ ढकलता येत नाही आणि गाडी बंद पडते. इंजेक्शनमध्ये पंप टाकीत किंवा टाकीलगत असतो आणि तिथून सुमारे 3 बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. एवढ्या दाबाखाली ते सहजी उकळत नाही. इंजेक्शनच्या बाजूने मला सर्वांत पटणारा मुद्दा हाच.

दुसरा मुद्दा मिश्रणाचा. कार्ब्युरेटरच्या अरुंद घशातून हवा वेगाने जाते, तिथला दाब घटतो आणि जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक तोटीतून, पेट्रोल वर खेचलं जातं. हवा विरळ आहे की दाट, हे जेटच्या ठरावीक भोकाला कळत नाही. सुमारे 1,350 मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला हवेची घनता आठव्या हिश्श्याने कमी असते, तिथे मिश्रण सहा-सात टक्क्यांनी रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. आता त्यात ई-20 ची, म्हणजे वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची, भर पडली आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला 14.7 किलो हवा लागते. ई-20 ला सुमारे 13.5 किलो पुरते. म्हणजे जुन्या जेटवर मुंबईत मिश्रण लीन पडतं, त्यात पेट्रोल कमी पडतं. इंजिन गरम होतं, पिकअप जातो, आणि महाबळेश्वरला पोचल्यावर विरळ हवेमुळे ती तूट भरून निघते, तीच गाडी बऱ्यापैकी चालते!

इंजेक्शनचा संगणक दाब आणि तापमान मोजून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर त्याची चूक दाखवतो, तो लगेच सुधारतो.

पण एकट्या कार्ब्युरेटरच्या जागी नवा भाग बसवून हे काम संपत नाही. टाकीत पंप, परतीची लाइन, तेवढा दाब आणि इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या, सगळं आलं. डायनामो असलेल्या गाडीला अल्टरनेटर लागेल, कारण आयडलिंगवर डायनामो जेमतेम वीज देतो आणि पंपाला ती अखंड हवी असते. शिवाय इग्निशनचे, म्हणजे ठिणगी देणाऱ्या यंत्रणेचे, पॉइंट झिजलेले असतील किंवा व्हॉल्व्ह गळत असतील, तर इंजेक्शन काय करणार? मिसिंग, म्हणजे इंजिनाचं मधूनमधून चुकणं, तसंच राहील. कार्ब्युरेटरच्या नावावर खपणारे अनेक दोष मुळात इग्निशनचे असतात.

कायद्याची बाजूही आहे. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, पण ती मूळ रूपात असावी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा. साठच्या दशकातल्या फियाटचा हा मान घालवू नये, असं मला मनापासून वाटतं. तिच्या नळ्या बदलाव्यात, जेट एक नंबर मोठा घालावा. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या पद्मिनीला मात्र, रोज वापर असेल आणि आरटीओकडून परवानगी मिळत असेल, तर इंजेक्शन जरूर द्यावं. मूळ कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड (मिश्रण सिलिंडरांपर्यंत नेणारा भाग) जपून ठेवावेत.

निर्णयाआधी एक काम करता येतं. सायलेन्सरच्या पाइपला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरसाठी (हा हवा-पेट्रोलचं प्रमाण आकड्यात दाखवतो) बॉस, म्हणजे तो बसवायची आट्यांची बैठक, वेल्ड करून घ्यावा आणि डॅशबोर्डखाली मीटर लावावं. सपाट रस्त्यावर, चढावर आणि आयडलिंगला आकडा काय येतो ते टिपावं. तिन्हीकडे सारखंच लीन असेल तर जेट बदलून भागेल. आकडा वेडावाकडा उड्या मारत असेल तर आधी कार्ब्युरेटरमधला थ्रॉटलचा (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) दांडा झिजून हवा घेतो आहे का ते पाहावं. पुढे इंजेक्शन बसवायचं ठरलं, तर बहुतेक किटांना त्याच जागी सेन्सर लागतो.