वालाला फूल कधी, हे रात्र ठरवते

मृग लागला की इंदूरच्या गच्च्यांवर यंदा काय लावायचं याची यादी सुरू होते, आणि ती सुरू होते जिभेपासून. ती सुरू व्हायला हवी दिवसाच्या लांबीपासून. इंदूर २२.७ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या जरा खाली आहे. इथला २१ जूनचा दिवस साधारण साडेतेरा तासांचा आणि २२ डिसेंबरचा पावणेअकरा तासांचा. या तीन तासांच्या आतबाहेर बाग चालते.

इथल्या मंडईत ज्याला बालोर म्हणतात तो वाल घ्या. जुलैत लावलेला वेल सप्टेंबरात मांडव झाकून टाकतो, पण फूल एकही नाही. मग कुणी दृष्ट लागली म्हणून लिंबू-मिरची बांधतं, कुणी अमावास्येला पेरल्याचा दोष काढतं, कुणी फुलोऱ्याचं महागडं टॉनिक आणतं. पारंपरिक वाल रात्र मोठी होण्याची वाट बघत असतो, एवढंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तुरे निघाले, की त्याचं श्रेय शेवटच्या उपायाला मिळतं!

दिवसाच्या लांबीवर फुलोरा अवलंबून असतो हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२० साली अमेरिकेत तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवलं. खरी गंमत १९३८ सालची. हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियम घेतलं. बांधावरून जाताना कपड्यांना काटेरी बोंडं चिकटतात, तेच हे तण. मोठ्या रात्रीच्या मधोमध थोडाच वेळ दिवा लावला, तर फूल येईना. उलट दिवसाच्या मध्ये अंधार केला, तर काहीच बिघडेना. म्हणजे झाड मोजतं ते रात्र, आणि तीही अखंड रात्र.

हे कळतं पानाला. पानात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, त्याची रूपं दोन. ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश त्याला क्रियाशील रूपात नेतो, ७३० च्या आसपासचा अतिलाल परत आणतो, आणि अंधारातही क्रियाशील रूप हळूहळू ओसरतं. पेशीतलं चोवीस तासांचं घड्याळ या संकेताची वेळ ताडून बघतं. हिशेब जुळला की पानात फुलण्याचा निरोप नेणारं, एफटी कुळातलं प्रथिन तयार होतं, अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांतून शेंड्याला पोचतं, आणि पान काढणारा शेंडा फूल काढू लागतो.

म्हणूनच रस्त्याच्या दिव्याखालचा वाल हिरवागार राहतो आणि शेंग धरत नाही. पांढऱ्या एलईडीतही लाल भाग असतो. माळव्यात सोयाबीनच्या शेतात हे उघड दिसतं: सगळं शेत पिवळं पडतं, खांबाजवळचा पट्टा तेवढा हिरवा. पौर्णिमेच्या चांदण्याची भीती नको, ते जेमतेम पाव लक्स (उजेड मोजायचं माप) भरतं.

तेव्हा वालाची पिशवी दिव्याआड ठेवा. आकार किमान १५ बाय १५ इंच. नुसती काळी माती भरू नका. ती ओली असताना चिकट होऊन हवा कोंडते, वाळली की आकसून कडेने भेग पाडते आणि पाणी त्या भेगेतूनच निघून जातं. माती दोन भाग, कुजलेलं खत एक भाग, जाड वाळू किंवा कोकोपीट एक भाग. बी तीन सेंटिमीटर खोल, दोन टाकून एक रोप ठेवा. जुलै चुकवू नका. नोव्हेंबरात पेरलेल्या वेलाला गुडघ्याएवढा असतानाच फुलं येतात, शेंगा मूठभर. वर्षभर शेंगा हव्यात तर ‘अर्का जय’ किंवा ‘अर्का विजय’ हे झुडपी वाण लावा. ते रात्र मोजत नाहीत.

कांद्याचं गणित उलटं, त्याला गड्डा धरायला दिवस मोठा लागतो. कांदा आडवा कापून बघा: प्रत्येक जाड पापुद्रा म्हणजे एका पातीचं बूड. दिवस पुरेसा वाढेपर्यंत पाती जितक्या जास्त, तितका कांदा मोठा. म्हणून रब्बीचं बी ऑक्टोबरअखेर वाफ्यात, रोपं दीड महिन्यांनी दहा-दहा सेंटिमीटरवर. निम्म्या रोपांच्या पाती मानेत मोडून आडव्या पडल्या की पाणी बंद. ऑनलाइन मिळणारं युरोपीय कांद्याचं बी मात्र घेऊ नका. त्यातल्या बहुतेक जातींना चौदा ते सोळा तासांचा दिवस लागतो, आणि इंदूरला चौदा तासांचा दिवस कधी उगवतच नाही. पात मिळेल, कांदा नाही.

पालक, मेथी आणि कोथिंबीर ऑक्टोबर ते जानेवारी, दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरा. फेब्रुवारीनंतर दिवस आणि ऊन दोन्ही वाढतात, झाड दांडा काढतं आणि पानं कडवट होतात. दांडा खुडला तरी पानं परतत नाहीत. ती पिशवी रिकामी करून त्यात भेंडी लावा.