प्रश्नपत्रिकेतलं मराठी: फॉन्टचं की युनिकोडचं?

क्लासच्या कपाटात दहा-पंधरा वर्षांच्या सराव परीक्षा वर्डच्या फायलींत पडून आहेत. आता त्या ऑनलाइन चाचणीत टाकायच्या आहेत. सॉफ्टवेअर म्हणतं, फाइल द्या, प्रश्न, पर्याय आणि उत्तरं मी वेगळी करतो. फाइल देता आणि समोर येतो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. मग दोष सॉफ्टवेअरवर जातो, नाहीतर "फॉरमॅटिंग नीट नव्हतं" म्हणून टायपिस्टवर. फॉरमॅटिंग बऱ्याचदा ठीकच असतं. फायलीत मराठी नसतं, एवढंच.

हे विचित्र वाटेल, कारण पडद्यावर तर स्वच्छ मराठी दिसतंय. पण संगणकावर मराठी दोन तऱ्हांनी असू शकतं आणि कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. एक फॉन्टचं मराठी: कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी, आकृती, डीव्हीबी-टीटी सुरेख वगैरे घराण्यांचं. दुसरं युनिकोडचं: मंगल, निर्मला किंवा आपल्या मोबाइलवरचं.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. क म्हणजे २३२५, र म्हणजे २३५२, ऱ्हस्व वेलांटी म्हणजे २३६७. फॉन्ट कोणताही लावा, क्रमांक तोच राहतो, त्यामुळे अक्षरही तेच. हा तक्ता आकाशातून पडलेला नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्की या भारतीय प्रमाणाच्या १९८८च्या आवृत्तीवर बेतलेली आहे.

फॉन्टच्या मराठीत मात्र देवनागरीचा क्रमांक कुठेच नसतो. फायलीत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकारांचे मुखवटे चढवतो. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द फायलीत असा असतो: लहान ई, जे, के, मोठा बी, एच. 'प्रश्न' म्हणजे आय, झेड, एक सरळ अपॉस्ट्रॉफी आणि यू. हो, अपॉस्ट्रॉफी हाच अर्धा श. वर्ड अवतरणचिन्हं आपोआप वळवतो ती सोय चालू राहिली, तर हा अर्धा श हातचा जातो. म्हणून जुने डीटीपीवाले नव्या मशीनवर आधी ती सोय बंद करत.

छपाईसाठी हे उत्तम चाललं, कारण छपाईला आकाराशीच काम असतं. वर्षानुवर्षं महाराष्ट्रातल्या लग्नपत्रिका, हँडबिलं आणि चाचणी परीक्षा याच मार्गाने छापल्या गेल्या, आणि त्या टायपिस्टांचा वेग मला आजही जमत नाही. अडचण येते ती आकार न बघणाऱ्या वाचकाची. प्रश्न वेगळे काढणारं सॉफ्टवेअर साठवलेले क्रमांक वाचतं, मुखवटे त्याला दिसत नाहीत.

आता हे प्रश्नपत्रिकेच्या अंगाने पाहा. असं सॉफ्टवेअर साधारण काय शोधतं? ओळीच्या सुरुवातीला आकडा आणि टिंब, म्हणजे नवा प्रश्न. शेवटी प्रश्नचिन्ह. मग कंसातलं अक्षर, म्हणजे पर्याय. कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या पेपरात यातलं एकही चिन्ह जागेवर नसतं. पूर्णविरामाचं टिंब फायलीत संयोगचिन्ह म्हणून साठवलेलं असतं. कंस उघडतो ¼ या चिन्हाने आणि बंद होतो ½ या चिन्हाने, म्हणजे '(अ)' हा पर्याय यंत्राला "पाव, व्ही, अर्धा" असा ऐकू जातो. प्रश्नचिन्हाच्या जागी उलटी तिरकी रेघ असते. आणि खरं प्रश्नचिन्ह? ते असतं अर्ध्या घ साठी. म्हणजे 'राज्यघटना' या शब्दात मधोमध प्रश्नचिन्ह आहे. प्रश्नचिन्हावर प्रश्न तोडणारं सॉफ्टवेअर राज्यशास्त्राचा पेपर कसा कापेल याची कल्पना करा.

मूडल, म्हणजे ऑनलाइन वर्ग आणि चाचण्या चालवायचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांची गंमत याहून मोठी. मूडलमध्ये साध्या मजकुराच्या फायलीतून प्रश्न आत घेण्याचे दोन नेहमीचे मार्ग आहेत, ऐकेन आणि गिफ्ट. गिफ्टमध्ये पर्याय महिरपी कंसात टाकतात, बरोबर उत्तराआधी = आणि चुकीच्या आधी ~ लावतात:

महाराष्ट्र राज्य कधी अस्तित्वात आलं? {=१ मे १९६० ~१ नोव्हेंबर १९५६ ~१५ ऑगस्ट १९४७ ~२६ जानेवारी १९५०}

युनिकोड मराठीत ही ओळ बिनतक्रार चालते. पण कृतिदेवमध्ये उघडणारा महिरपी कंस म्हणजे अर्धा क्ष, = म्हणजे त्र आणि ~ म्हणजे हलन्त, अक्षराचा पाय मोडणारी खूण. तो मजकूर तसाच गिफ्ट फायलीत चिकटवला, तर 'क्षेत्र' हा शब्द एक कंस उघडतो आणि लगेच बरोबर उत्तराची खूण करतो. भूमितीच्या पेपरात क्षेत्रफळ किती वेळा येतं ते तुम्हीच मोजा.

आपली फाइल कोणत्या तऱ्हेची आहे हे ओळखायला अर्धा मिनिट पुरतो. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी राहिली तर युनिकोड, इंग्रजी झाली तर फॉन्टचं मराठी. फॉन्टच्या यादीतलं नाव पाहून ठरवू नका. कुणीतरी सगळा मजकूर निवडून मंगल लावून ठेवलेला असतो, अक्षरं बिघडलेली दिसतात आणि त्यालाच "व्हायरस आला" म्हणतात. फॉन्ट बदलल्याने क्रमांक बदलत नाहीत. तसं केल्याने उलट नुकसान होतं, कारण कुठला तुकडा कृतिदेवचा आणि कुठला खऱ्या इंग्रजीचा, ही फायलीतली एकमेव खूण पुसली जाते.

ही खूण फार मोलाची आहे. एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेचा पेपर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतो, त्यामुळे सराव पेपरही तसेच बनतात. त्यात भर म्हणून रसायनशास्त्राची सूत्रं आणि गणिताची चलपदं. मजकूर एका खिडकीत चिकटवून दुसऱ्या खिडकीतून युनिकोड काढून देणारे ऑनलाइन परिवर्तक फॉन्ट पाहत नाहीत, ते सरसकट सगळ्याचं मराठी करतात. पाण्याचं सूत्र, इंग्रजी प्रश्न, कंसातली संक्षेपं, सगळ्याचा बट्ट्याबोळ. म्हणून परिवर्तक निवडायचा तर वर्डची फाइल थेट घेणारा आणि ठरावीक फॉन्टचाच मजकूर बदलणारा. शिवाय घराणं तेच हवं. कृतिदेवचा तक्ता श्रीलिपीला लावला, तर एका गोंधळाचा दुसरा गोंधळ होतो.

तक्ता बरोबर असूनही परिवर्तन का चुकतं, हे समजून घेण्यासारखं आहे. फॉन्टचं मराठी दिसतं त्या क्रमाने टाइप होतं, युनिकोडचं बोलतो त्या क्रमाने. 'कि' लिहिताना टायपिस्ट आधी वेलांटी देतो, मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. नुसती अदलाबदल सोपी आहे. पण 'स्थिती'त पहिली वेलांटी अख्ख्या जोडाक्षरावरून उडी मारून पलीकडे जायला हवी. ती अर्ध्या स पाशीच थांबली, तर अक्षर तुटतं. रफाराचा प्रवास उलटा. 'वर्ग'मध्ये टायपिस्ट व, ग आणि शेवटी रफार देतो, युनिकोडला र ग च्या आधी हवा. 'सर्वांनी'त तर रफाराने काना ओलांडून व च्याही आधी यायचं असतं. त्यातून कुणी आधी काना देतो, कुणी आधी रफार, कागदावर दोन्ही सारखेच. छपाईत कधीच न कळलेली ही ढिलाई परिवर्तनात एकदम वर येते.

मग युनिकोड मराठी म्हणजे निर्धास्त? तसंही नाही. 'दुसऱ्या'मधला तो अर्धचंद्री र दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि पाठोपाठ न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला एकच. रिकाम्या जागा भरा प्रकारात विद्यार्थ्याने एका तऱ्हेने लिहिलं आणि तुमची उत्तरसूची दुसऱ्या तऱ्हेची असली, तर नुसती अक्षरं जुळवणारी चाचणी बरोबर उत्तर चूक ठरवू शकते. 'ॲ'चंही तेच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक आहे, पण जुन्या सवयीने अ वर चंद्र देऊनही तो उमटतो.

सगळ्यात जास्त छळतो विसर्ग. 'उत्तर:' असं अपूर्णविरामाने लिहायच्या ऐवजी कितीतरी जण 'उत्तरः' असा विसर्ग देतात. कागदावर कुणी हटकत नाही. पण सॉफ्टवेअरने "उत्तर आणि अपूर्णविराम" शोधायचं ठरवलं असेल, तर विसर्गवाल्या ओळीत त्याला काहीच सापडत नाही आणि उत्तराची ओळ पाचवा पर्याय होऊन बसते. युनिकोड फायलीत माझं पहिलं काम हेच: शोधा-बदला उघडून 'उत्तरः'चं 'उत्तर:' करणं. पर्यायांआधीचा 'अः' असलाच तर तोही.

पर्यायांच्या अक्षरांबद्दल एक. आपल्याकडे अ, ब, क, ड चालतं. हिंदी पट्ट्यातली काही साधनं क, ख, ग, घ धरून चालतात. आपला 'क' तिसरा, त्यांचा पहिला, त्यामुळे उत्तरसूची मुकाट्याने चुकते आणि निकाल लागेपर्यंत कळत नाही. ऐकेनला तर यातलं काहीच चालत नाही. त्याला पर्यायाआधी इंग्रजी मोठं अक्षर आणि टिंब किंवा कंस हवा, उत्तराच्या ओळीला 'आन्सर' हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत हवा. बाकी प्रश्न मराठीत असू दे. मला गिफ्ट आवडतं ते म्हणूनच, तिथे पर्यायांना अक्षरंच लागत नाहीत.

आपोआप क्रमांकांचा घोळ दोन्ही तऱ्हांत सारखाच आहे. वर्डने स्वतः दिलेला प्रश्नक्रमांक मजकुरात नसतो, तो परिच्छेदाचा गुणधर्म म्हणून साठवलेला असतो. काही साधनं तो वाचतात, काही नाही. आपलं साधन काय करतं ते दोन प्रश्नांच्या फायलीवर पाहून घ्यावं.

मूळ वर्ड फाइल हरवून फक्त पीडीएफ उरली असेल, तर फॉन्टचं मराठी पीडीएफमध्येही फॉन्टचंच राहतं. युनिकोड पीडीएफमधून कॉपी केलेला मजकूरही बऱ्याचदा वेलांट्या-जोडाक्षरांत विस्कटलेला मिळतो, हा वेगळा ताप. तिथे पान चित्र समजून ओळखणारं साधन बरं पडतं, कारण ते आपल्यासारखं आकारच बघतं, मुखवट्यामागे काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. टेसरॅक्टसारखी साधनं मराठी वाचतात. फक्त पेपर दोन रकान्यांचा असेल, तर आधी रकाने कापून द्यावेत, नाहीतर डावीकडचा प्रश्न उजवीकडच्या पर्यायांशी लग्न लावतो.

परिवर्तक कोणताही असो, सगळा पेपर टाकण्याआधी मी त्याच जुन्या फॉन्टमध्ये एक ओळ टाइप करून त्याच्या तोंडी देतो: स्थिती, सर्वांनी, दुसऱ्या, राज्यघटना, क्षेत्रफळ, वाङ्मय, ॲसिड, प्रश्न (अ). आलेली ओळ मोबाइलवर उघडून वाचतो, कारण मोबाइलवर कृतिदेव नसतो आणि तिथे मुखवटा टिकत नाही. आठपैकी एखादा शब्द फुटला, तर त्याच्यापुरतं शोधा-बदला पुरतं. तीन-चार फुटले, तर परिवर्तक बदलतो.