छातीचा फोटो: उभे राहण्याच्या रीतीमागचा इतिहास

कोल्हापुरात कुणाचा खोकला दोन-तीन आठवडे हटला नाही, की डॉक्टर छातीचा फोटो, म्हणजे एक्स-रे, काढून आणायला सांगतात. फोटोच्या खोलीतल्या सूचना मग कोणत्याही दवाखान्यात जवळजवळ सारख्याच असतात: छाती समोर टेकवा, हनुवटी वर करा, हात कमरेवर ठेवा, खांदे पुढे ढकला, श्वास भरून घ्या आणि रोखा. रुग्णाला ही नेहमीची रीत वाटते. प्रत्यक्षात यातल्या प्रत्येक सूचनेला शरीररचनेतले निश्चित कारण आहे, आणि ती सगळी कारणे हाती यायला वैद्यकाला काही शतके लागली.

फुप्फुसे हृदयाला गारवा देण्यासाठी असतात, अशी समजूत युरोपात दीर्घकाळ टिकून होती. हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त फुप्फुसांतून फिरून डाव्या बाजूस येते, हे तेराव्या शतकात इब्न अल-नफीस यांनी लिहिले. १५४३ मध्ये वेसालियस यांनी प्रत्यक्ष शवविच्छेदनावर आधारलेली शरीररचना छापून प्रसिद्ध केली, आणि १६६१ मध्ये माल्पिघी यांनी बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली वायुकोश आणि त्यांच्याभोवतीच्या केशवाहिन्या पाहिल्या. उजव्या फुप्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन खंड, सुमारे १० ते १२ सेंटिमीटर लांबीची श्वासनलिका, तिच्या दोन मुख्य शाखा आणि खाली छाती आणि पोट यांना वेगळे करणारे घुमटासारखे मध्यपटल हा नकाशा शवांवरून तयार झाला होता. जिवंत माणसाची छाती मात्र बंदच होती. १७६१ मध्ये औएनब्रुगर यांनी बोटांनी ठोकून आवाज ओळखण्याची पद्धत मांडली आणि १८१६ मध्ये लाएनेक यांनी स्टेथोस्कोप आणला. कोल्हापुरात ज्याला जुनी माणसे आजही थोरला दवाखाना म्हणतात, ते पूर्वीचे आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणजे आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय (सीपीआर), एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभे राहिले, तेव्हा छातीच्या तपासणीची साधने हात आणि कान एवढीच होती.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्ग येथे राँटजेन यांना क्ष-किरण सापडले आणि पुढच्याच वर्षी बॉस्टनमध्ये फ्रान्सिस विल्यम्स यांनी चमकत्या पडद्यावर जिवंत छाती पाहायला सुरुवात केली. क्षयाने बाधित बाजूचे मध्यपटल श्वासाबरोबर कमी हलते, हे त्यांनी नोंदवले. पण सुरुवातीच्या नळ्या इतक्या दुबळ्या होत्या की काचेच्या पट्टीवर छातीचा फोटो उमटायला कित्येक मिनिटे लागत, आणि तेवढा वेळ श्वास रोखून धरणे कोणालाही शक्य नव्हते. १९१३ मध्ये कूलिज यांची तापलेल्या तारेची नळी आली आणि हे चित्र पालटले. किरणांची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे अंतर दुप्पट केले की ती चतुर्थांश उरते. त्यामुळे नळी लांब ठेवायची तर ती जोरकसच हवी. ही सोय झाल्यावरच ६ फूट, म्हणजे सुमारे १८० सेंटिमीटर, अंतरावरून क्षणार्धात फोटो काढणे हा प्रघात रुळला.

या अंतराचा आणि पाठीकडून किरण सोडण्याचा हेतू एकच आहे. भिंतीवर पडणारी हाताची सावली दिव्याजवळ नेल्यास मोठी आणि भिंतीजवळ नेल्यास नेमकी होते, तसेच येथे होते. हृदय छातीच्या पुढच्या भागात आहे. छाती फिल्मला टेकवली की ते फिल्मजवळ येते आणि त्याचा आकार खऱ्याच्या जवळपास उमटतो. खाटेवरच्या रुग्णाचा फोटो समोरून आणि कमी अंतरावरून काढावा लागतो, त्यामुळे त्याचे हृदय उगाच मोठे दिसते. शिवाय आडवे पडल्यावर मध्यपटल वर सरकते, फुप्फुसे पुरती फुलत नाहीत आणि फुप्फुसावरणातले पाणी खालच्या कोपऱ्यात न साठता पाठीमागे पसरून नुसता धूसरपणा देते. उभ्या फोटोत साधारण २०० मिलिलिटर पाणी साचले की बरगड्या आणि मध्यपटल यांच्यामधला टोकदार कोन बोथट होतो. कुशीवर निजवून काढलेल्या फोटोत त्याहून पुष्कळ कमी पाणीही ओळखता येते.

खांदे पुढे ढकलण्याचे कारण पाठीवरच्या फऱ्याच्या हाडात आहे: ते बाजूला सरकले नाही तर फुप्फुसाच्या वरच्या भागावर त्याची सावली पडते. प्रौढांमधला क्षय बहुधा याच वरच्या टोकाशी घर करतो, म्हणून ही सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मंगळसूत्र, ताईत आणि खांद्यावर आलेली वेणी बाजूला करायला सांगतात तेही याचसाठी, कारण जाड वेणीची सावली डागासारखी भासू शकते. श्वास पूर्ण भरला की पाठीकडच्या ९ ते १० बरगड्या मध्यपटलाच्या वर मोजता येतात. अर्ध्या श्वासात तळाचा भाग दाटतो आणि नसलेल्या न्यूमोनियाचा संशय येतो. रुग्ण किंचित वळला आहे का, हे गळ्याजवळच्या दोन्ही हाडांची आतली टोके मणक्यांच्या मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर आहेत की नाहीत, यावरून कळते. तालमीत घडलेल्या रुंद छातीच्या माणसासाठी कॅसेट, म्हणजे फिल्मची चौकट, उभी न लावता आडवी लावावी लागते.

श्वास भरून घेण्याचा नियम क्वचित उलटा करावा लागतो. उजवी मुख्य शाखा डावीपेक्षा आखूड, रुंद आणि अधिक सरळ असल्याने लहान मुलाने गिळताना ठसका लागून ओढलेला शेंगदाणा बहुधा उजवीकडे जातो. शेंगदाणा फोटोत दिसत नाही, पण श्वास सोडल्यावर काढलेल्या फोटोत त्या बाजूला अडकलेली हवा दिसते.

क्षयाच्या शोधासाठी छातीचा फोटो गावोगाव नेण्याची कल्पना १९३६ मध्ये ब्राझीलच्या मानुएल द आब्रेऊ यांनी पडद्यावरील प्रतिमेचे छोट्या फिल्मवर छायाचित्र घेऊन साकार केली. भारतात १९५५ ते १९५८ या काळातील क्षयरोगाच्या राष्ट्रीय पाहणीत हीच पद्धत वापरली गेली. १९६२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने मात्र थुंकीच्या तपासणीला अग्रक्रम दिला आणि तो योग्यच होता, कारण फोटोतला डाग क्षयाचाच आहे हे सावलीवरून ठरत नाही. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत, छातीचा फोटो काढला नसता तर ४२.६ टक्के क्षयरुग्ण निसटले असते, असे आढळले. लक्षणे नसलेल्या रुग्णाला शोधण्याचे काम आजही फोटोच करतो.

आपल्या जिल्ह्याला छातीच्या फोटोकडे लक्ष देण्याचे आणखी एक कारण आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील फौंड्रीत वाळूच्या साच्यांतून उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार घडवते. हा कायद्याने सरकारी यंत्रणेला कळवावा लागणारा आजार आहे. धुळीच्या आजारांचे फोटो वाचण्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रमाण फिल्म ठरवल्या आहेत. कामगाराची फिल्म त्यांच्याशी ताडून बारीक ठिपके किती आणि केवढे, हे ठरवले जाते. अपुऱ्या श्वासात किंवा चुकीच्या तीव्रतेने काढलेल्या फोटोत असलेले ठिपके विरून जातात किंवा नसलेले ठिपके असल्यासारखे भासतात. म्हणून कामगाराने दरवर्षीचा फोटो जपून ठेवावा, आणि तो उभ्याने की निजून, पुढून की मागून काढला, याची नोंद व डाव्या-उजव्या बाजूची खूण त्यावर आहे, हे खोलीतून बाहेर पडण्यापूर्वीच पाहून घ्यावे.