बहुकक्ष ध्वनियोजना, बिनतारी

बहुकक्ष ध्वनियोजना, बिनतारी : घरातील दोन किंवा अधिक खोल्यांत ठेवलेल्या स्पीकरांवर वाय-फायच्या जाळ्यातून एकच संगीत एकाच वेळी, किंवा खोलीगणिक वेगळे, वाजवण्याची व्यवस्था. संकेत बिनतारी येत असला, तरी बहुतेक स्पीकरांना विजेची तार लागतेच.

उगम : या व्यवस्थेचा आरंभ कोठून मानावा याविषयी एकमत नाही. तारांनी जोडलेली बहुकक्ष योजना डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसन कंपनीने १९८० च्या दशकातच बाजारात आणली होती. बिनतारी शाखेचे मूळ काही जण स्लिम डिव्हायसेस या अमेरिकी कंपनीच्या स्क्वीझबॉक्स या संगीत वाजवणाऱ्या यंत्रामध्ये (सु. २००३) शोधतात, त्याला संगीत पुरवणारी संगणकावरील आज्ञावली (सर्व्हर) मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही वापरण्यास व बदलण्यास खुली, होती व अनेक यंत्रे त्यावर एकत्र चालवता येत. ॲपलच्या एअरपोर्ट एक्सप्रेस या छोट्या वाय-फाय यंत्राने (२००४) संगणकातील संगीत दुसऱ्या खोलीत पोचवले. सँटा बार्बरा येथे २००२ मध्ये स्थापन झालेल्या सोनोस कंपनीचे पहिले उत्पादन २००५ मध्ये आले. त्यातील यंत्रे आपापसांत स्वतःचे बिनतारी जाळे विणत, आणि हातात धरायच्या रंगीत पडद्याच्या नियंत्रकावरून खोल्या जोडता-तोडता येत. संगीत घरभर पोचवणे एवढीच कसोटी लावली, तर मान स्क्वीझबॉक्सकडे जातो. पण कोणत्या खोल्या एकत्र वाजाव्यात हे वाजवतावाजवता ठरवता येणे ही या व्यवस्थेची खरी ओळख मानल्यास सोनोसचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. अशा सोयींच्या पेटंटांवरून (शोधांवरील कायदेशीर हक्कांवरून) सोनोस व गूगल यांच्यात कायदेशीर वादही झाला. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलने सोनोसच्या पाच पेटंटांचा भंग केल्याचा निर्णय दिला, आणि गूगलला आपल्या स्पीकरांच्या समूहाचा आवाज एकत्र कमी-जास्त करण्याच्या सोयीत बदल करावा लागला.

समकालन : या योजनेतील खरी अडचण संगीत पोचवण्याची नसून वेळ जुळवण्याची आहे. प्रत्येक स्पीकरमधील स्फटिक-घड्याळ किंचित वेगळ्या गतीने चालते. दोन घड्याळांत दशलक्षात ५० भाग इतका फरक असला, तर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या (ध्वनीच्या ठरावीक अंतराने घेतलेल्या मोजमापांच्या) ध्वनीत दर सेकंदाला सुमारे २ नमुन्यांचे, म्हणजे तासाभरात ०.१८ सेकंदाचे अंतर पडते. म्हणून एका यंत्राचे घड्याळ प्रमाण मानून ध्वनीच्या प्रत्येक पुडक्यावर (जाळ्यातून पाठवलेल्या छोट्या तुकड्यावर) ते कधी वाजवायचे याची वेळ नोंदवली जाते. इतर यंत्रे पुडकी थोडा वेळ साठवून ठेवतात आणि आपली गती सतत सुधारत राहतात. या साठवणीमुळे कळ दाबल्यावर संगीत क्षणभर उशिरा सुरू होते.

किती अचूकता पुरेशी, हे ऐकणारा कोठे आहे यावर ठरते. जर्मन ध्वनिशास्त्रज्ञ हेल्मुट हास यांच्या १९४९ च्या संशोधनानुसार सुमारे ३० मिलिसेकंदांच्या आत आलेला दुसरा ध्वनी सहसा वेगळा प्रतिध्वनी म्हणून जाणवत नाही. हवेतून एक मीटर येण्यासच ध्वनीला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे खोली-खोलीतील अल्प फरक खपून जातो. एकाच खोलीतील डाव्या-उजव्या जोडीत मात्र मिलिसेकंदाच्या काही दशांशांनीही गायकाची भासणारी जागा सरकते. दिवाणखाना व स्वयंपाकघर यांमधील दारात उभे राहून तबला ऐकणे ही चांगली परीक्षा होय : वेळ चुकली असेल, तर प्रत्येक थाप दुहेरी ऐकू येते. तानपुऱ्याच्या सलग नादात हाच दोष सहज लपतो.

मांडणी : राउटर शक्यतो घराच्या मध्यावर, मोकळ्या जागी असावा. ५ गिगाहर्ट्‌झचा संकेत वेगवान असला, तरी विटांच्या व काँक्रीटच्या भिंतींपुढे लवकर क्षीण होतो. २.४ गिगाहर्ट्‌झचा अधिक दूर जातो, पण शेजारच्या घरांतील राउटरांची त्यात गर्दी असते. तेथे १, ६ व ११ या वाहिन्याच (राउटरच्या सेटिंगमध्ये निवडता येणारे कंप्रता-पट्टेच) एकमेकींवर न चढणाऱ्या आहेत. फोन व सर्व स्पीकर एकाच जाळ्यात असणे आवश्यक आहे. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या जाळ्यात उपकरणे सहसा एकमेकांपासून अलग ठेवलेली असतात, म्हणून तेथे जोडलेल्या फोनला स्पीकर सापडत नाहीत. दूरच्या खोलीत संगीत तुटत असल्यास तेथील स्पीकर शक्य तर लॅनच्या (घरातील संगणक-जाळ्याच्या) तारेने राउटरला जोडणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. नेहमीचे ब्लूटूथ घरभर वाजवण्यास अपुरे पडते. त्याचा पल्ला साधारण १० मीटर असून फोन घेऊन आतल्या खोलीत गेले की आवाज खंडित होतो.

टिकाऊपणा : स्पीकर धड असूनही त्यामागील आज्ञावली किंवा सेवा बंद झाल्यास योजना निरुपयोगी ठरू शकते, आणि खरेदीच्या वेळी या बाजूकडे फारच कमी लक्ष दिले जाते. लॉजिटेकने २००६ मध्ये घेतलेली स्क्वीझबॉक्स मालिका २०१२ मध्ये थांबवली. तिचा मुक्तस्रोत सर्व्हर मात्र स्वयंसेवकांनी चालू ठेवला असून तो आता लिरिऑन या नावाने उपलब्ध आहे.