पेपर सोपा होता

दहावीचा निकाल लागला, त्या संध्याकाळी आमच्या कोथरूडच्या सोसायटीतली जुळी भावंडं पेढे घेऊन आली. मुलीला भावापेक्षा चांगले आठ टक्के जास्त. मी कौतुक केलं, तर म्हणाली, "पेपर सोपा होता, काकू." भाऊ म्हणाला, "मी अभ्यासच केला नाही, नाहीतर नव्वदच्या वर गेलो असतो." शाळा एक, क्लास एक, घर एक. ते 'सोपा होता' मला अजून टोचतं.

लंडनचे मानसशास्त्रज्ञ एड्रियन फर्नहॅम यांनी वर्षानुवर्षं लोकांना स्वतःच्या बुद्ध्यांकाचा अंदाज विचारला. पुरुष सरासरीने स्वतःचा आकडा बायकांपेक्षा वरचा सांगतात. प्रत्यक्ष चाचण्यांत एकूण बुद्ध्यांकात म्हणावा असा फरक निघत नाही. आईवडीलही मुलाचा आकडा मुलीपेक्षा वर धरतात, म्हणजे याची सुरुवात घरातच होते.

कॉर्नेल विद्यापीठातला डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांचा 1999 चा अभ्यास प्रसिद्ध आहे. व्याकरणासारख्या चाचण्यांत तळाच्या पाव हिश्श्यातले लोक शंभरात खालून साधारण बाराव्या पायरीवर होते, पण स्वतःला खालून बासष्टाव्या पायरीवर समजत होते. व्याकरण कच्चं असेल तर आपली चूक ओळखणारी नजरही कच्चीच राहते. यातला काही भाग निव्वळ आकडेमोडीचा परिणाम आहे, असा आक्षेप आहे आणि तो मला पटतो: तळाशी असलेल्याचा अंदाज चुकला तर बहुतेक वरच चुकणार.

भावनांच्या बाबतीत गोष्ट आणखी अवघड. गणित चुकलं तर वहीत लाल फुली येते. आपल्या बोलण्याने कुणी दुखावलं तर तो माणूस बहुधा गप्प बसतो, आणि आपण समजतो की सगळं ठीक आहे. भावनिक बुद्धिमत्तेची चाचणी आणि 'मला माणसं कळतात' हा स्वतःचा दाखला यांचा मेळ फार थोडा बसतो. डनिंग आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं, की कमी गुण मिळालेलेच चाचणीला नावं ठेवतात आणि सुधारणेची वाट सांगितली तरी तिकडे फिरकत नाहीत.

मग विचारायचं कुणाला? मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांच्या 2010 च्या अभ्यासात आपली धाकधूक आपल्यालाच जास्त नेमकी कळते असं दिसलं. बुद्धीचा अंदाज मात्र मित्रमैत्रिणींचा अधिक बरोबर निघाला.

त्या मुलीबरोबर तिची मैत्रीणही आली होती. पेढा तोंडात टाकत ती म्हणाली, "काकू, गणित अडलं की आम्ही सगळ्या हिलाच फोन करतो."