तांब्याचा जबडा, लोखंडाची धार

सिंहगडाची वाट चढताना कुणीतरी यशवंती घोरपडीचा विषय काढतंच. ती आख्यायिका, पण घोरपडीचा इंडोनेशियातला भाऊबंद कोमोडो ड्रॅगन खराखुरा अचाट आहे. लांबी तीन मीटरपर्यंत, आणि हरणाचं मांस ओरबाडणारे वाकडे, करवती दात. या दातांच्या टोकांवर आणि करवतीच्या कडेवर नारिंगी थर असतो. तो चक्क लोहाचा आहे, असं २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवलं. एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, अगदी पातळ, त्यामुळे धार टिकवायचं काम बहुधा या मुलाम्याकडे.

धातूचा असा वापर करणारा दुसरा शिकारी चिखलात राहतो. ग्लायसेरा हा समुद्री कृमी गांडुळाच्या लांबच्या नात्यातला. उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर लोक गळाला लावायला तो उकरून काढतात, तेही जपून, कारण डिवचला की त्याची सोंड झटकन उलटून बाहेर येते. तिच्या टोकाला चार काळे आकडे, हाच त्याचा जबडा. एकेक जेमतेम दोन मिलिमीटरचा, आणि त्यात सुमारे दहा टक्के तांबं! काही तांबं अ‍ॅटाकमाइट या खनिजाच्या रूपात असतं. समुद्राकाठच्या तांब्यावर हिरवट थर चढतो, त्यातही ते सापडतं.

हे घडतं कसं, ते २०२२ मध्ये उलगडलं. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत तांब्याला आकार द्यायला भट्टी लागते, हातोडा लागतो, मठारकामात मुरलेला हात लागतो. इथे गार पाण्यात एकच साधं प्रथिन तांबं पकडतं, त्याच्याच मदतीने मेलॅनिन (आपल्या केसा-कातडीला रंग देणारं द्रव्य) तयार करतं आणि दोन्ही एकात एक गुंफतं. जबड्याचा मोठा भाग या प्रथिनाचा आणि मेलॅनिनचाच.

विष दोघांकडेही आहे. कृमी ते आकड्यांतूनच टोचतो. कोमोडोच्या खालच्या जबड्यात ग्रंथी असतात. त्याच्या लाळेतले जंतूच सावज मारतात, हा समज २००९ च्या संशोधनानंतर मागे पडला. विषामुळे रक्त गोठत नाही, रक्तदाब कोसळतो.

फरक आहे तो काटकसरीत. कोमोडोचे दात सतत पडतात, नवे येतात. वरवरचा मुलामा त्याला पुरतो. कृमीला मात्र एकदा घडलेला जबडा जन्मभर, म्हणजे साधारण पाच वर्षं, पुरवायचा असतो. कारागीर म्हणून मला तोच सरस वाटतो.

मांसाहारी डायनासोरांचे दातही कोमोडोसारखेच वाकडे आणि करवती. त्यांच्यावरही लोह होतं का, हे संशोधकांनी तपासून पाहिलं. पण जीवाश्म होताना आजूबाजूच्या मातीतलं लोह दातात शिरतं, आणि मूळचं कुठलं, मागाहून मुरलेलं कुठलं, ते काही वेगळं काढता येईना.