अधिवेशनस्थळाची पारख (इंदूर)

अधिवेशनस्थळाची पारख : परिषद, अधिवेशन, संमेलन किंवा व्यापारी प्रदर्शन भरवण्याआधी जागेचा कस लावण्याची आयोजकांची रीत. भाडे हा तिचा एक भाग, आणि तोही उशिरा येणारा. नवखा आयोजक फोनवर आधी भाडे विचारतो. मुरलेला आधी विचारतो की सामानाचा ट्रक कुठल्या दाराने आत येतो. इंदुरात या कामाला वेगळी धार आहे, कारण डॉक्टरांचे अधिवेशन, उद्योगपरिषद आणि लग्नाचा स्वागतसमारंभ हे तिन्ही एकाच तारखेला एकाच दालनावर डोळा ठेवून असतात.

माहितीपत्रकातला क्षमतेचा आकडा बहुधा रिकाम्या दालनात खुर्च्यांच्या नुसत्या रांगा धरून काढलेला असतो. रांगेतल्या माणसाला येण्याजाण्याच्या वाटेसह ८ ते १० चौरस फूट पुरतात. पुढ्यात लिहायला टेबल दिले की १५ ते १८ लागतात, आणि गोल टेबलांची बैठक या दोहोंच्या मधली. म्हणजे १०,००० चौरस फुटांचे दालन कागदावर हजारांचे असले तरी कार्यशाळेसाठी ते सहाशेंचेच. त्यातूनही मंच, कॅमेऱ्यांचा चौथरा, ध्वनियंत्रणेचे टेबल आणि पडद्यामागची जागा वजा करायची. मधे खांब असेल तर त्यामागच्या खुर्च्या धरायच्याच नाहीत. छताची उंचीही याच हिशेबातली : पडद्याची खालची कड पुढच्यांच्या डोक्यांवर राहिली नाही, तर मागच्या रांगा नुसते भाषण ऐकतात. दुपारचे जेवण त्याच दालनात असेल तर खुर्च्या उचलून टेबले मांडण्याचा वेळ कार्यक्रमपत्रिकेतून कापावा लागतो, आणि तो नेहमी एखाद्या बिचाऱ्या वक्त्याच्या वाट्याचा असतो.

विजयनगरच्या स्कीम ७८ मधील ब्रिलियंट कन्व्हेन्शन सेंटर हे शहरातले या कामाचे परिचित ठिकाण. ८ ते १० जानेवारी २०२३ या दिवसांत सतरावा प्रवासी भारतीय दिवस (परदेशस्थ भारतीयांचे सरकारी अधिवेशन) येथे झाला आणि पाठोपाठ ११ व १२ तारखेला गुंतवणूकदारांची जागतिक परिषद. ९ तारखेला पंतप्रधान आले, सभागृह भरले, दारे लागली आणि परदेशांतून आलेले काही प्रतिनिधी बाहेरच राहिले. मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जागा अपुरी पडल्याबद्दल व्यासपीठावरून त्यांची माफी मागितली. नोंदणी किती झाली आणि एका वेळी बसणार किती, हे दोन आकडे वेगळे असतात. एरवी प्रतिनिधी निरनिराळ्या सत्रांत, चहाच्या टेबलांपाशी आणि राजवाडा पाहण्यात विखुरलेले असतात. उद्घाटनाला मात्र सगळे येतात, वर निमंत्रित, पत्रकार आणि सुरक्षारक्षक. जागा मोजायची ती त्या एका तासासाठी.

याच अडचणीवर इंदूरच्या मराठी माणसांनी निराळा तोडगा काढलेला आहे. सानंद न्यास या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या सभासदांचे पाच गट आहेत (मामा मुजुमदार, रामूभैया दाते, राहुल बारपुते, बहार आणि वसंत) आणि एकाच नाटकाचे प्रयोग या गटांसाठी पाठोपाठ होतात. सभागृह मोठे करता येत नसेल तर प्रेक्षक वाटून घ्यायचे. अधिवेशनाला ही सोय नाही. अध्यक्षीय भाषण पाचदा करता येत नाही, आणि श्रोत्यांच्या दृष्टीने ते बरेच आहे.

जुन्या इंदूरकराच्या तोंडी गांधी हॉल (१९०४ साली किंग एडवर्ड हॉल म्हणून बांधलेला), रवींद्र नाट्यगृह आणि रेसकोर्स रोडवरचे लाभमंडपम ही नावे आधी येतात. जुन्या शहराशी आणि स्टेशनाशी जवळीक हे त्यांचे भांडवल. विमानतळ शहराच्या पश्चिमेला आणि विजयनगर ईशान्येला, त्यामुळे विमानाने येणारे पाहुणे जास्त असतील तर गाड्यांचा खर्च जागेच्या भाड्यातच धरून तुलना करावी लागते.

तारीख पंचांग उघडून ठरवतात. देवउठनी (कार्तिकी) एकादशीपासून लग्नसराई सुरू झाली की दालने, मॅरिज गार्डन आणि हॉटेलांच्या खोल्या एकदमच महागतात. डिसेंबरच्या मध्यावर सूर्य धनू राशीत गेला की संक्रांतीपर्यंत लग्ने थांबतात. मराठी घरांतला हा धनुर्मास, इथल्या हिंदीत खरमास. दर उतरवून घ्यायचे तर याच चार आठवड्यांत. गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परतले तो १९१५ सालचा ९ जानेवारी, ज्याच्या आठवणीने प्रवासी भारतीय दिवस पाळतात, तोही याच काळातला, हा योगायोग. रंगपंचमीला गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक) निघते तेव्हा राजवाड्याच्या आसपास कार्यक्रम ठेवू नये, हे इंदूरकराला सांगावे लागत नाही. बाहेरून आलेल्या कंपनीला सांगावे लागते.

भाड्याच्या आकड्याखाली बरेच काही दडलेले असते. आदल्या रात्रीची मांडणी भाड्यात आहे की वेगळी, जनरेटरचे डिझेल कोणाचे, १८ टक्के जीएसटी धरला आहे का, बाहेरचा केटरर चालतो का? जेवण जागेच्या मालकाकडूनच घ्यायचे असेल तर ‘गॅरंटी प्लेट’चा आकडा ठरतो : ५०० सांगून ४०० जेवले तरी पैसे ५०० चे. इंदुरात हा आकडा रात्रीसाठी हात राखून सांगतात, कारण सराफा (रात्री भरणारा खाऊबाजार) जवळ असला की निम्मे प्रतिनिधी जेवणाला दांडी मारतात. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करण्याच्या नियमातून उघडा मांडव सुटत नाही. बंदिस्त सभागृहाचा दर जास्त असण्याचे तेही एक कारण.

निवासाचे गणित इंदुराला जुने आहे. मराठी साहित्य संमेलन येथे १९१७, १९३५ आणि २००१ असे तीनदा भरले. संमेलनाला आलेल्यांना घरोघरी उतरवण्याची चाल मराठी माणसाला ठाऊकच आहे. २०२३ मध्ये ‘पधारो म्हारे घर’ म्हणत इंदूरच्या कुटुंबांनी अनिवासी भारतीयांना आपल्याकडे ठेवून घेतले, ती तिचीच नवी आवृत्ती.

पाहणी दोनदा करतात : एकदा रिकाम्या दालनाची, एकदा तिथे दुसऱ्या कोणाचा कार्यक्रम चालू असताना. दुसऱ्या खेपेला कोणी झुंबरे पाहत नाही. स्वच्छतागृहासमोरची रांग, गर्दीत मोबाइलला मिळणारी रेंज, शेवटच्या रांगेत पोचणारा आवाज आणि कार्यक्रम सुटल्यावर शेवटची गाडी फाटकाबाहेर पडायला लागलेली मिनिटे टिपून घेतात.